पेटीतलं कार्ड

आधीच सांगून ठेवते, मला गोड बोलता येत नाही. मी नाजमीन, पाचोऱ्यात आशा सेविका आहे. बारा वर्षं झाली, दारोदार फिरून 'आज सुईचा दिवस आहे, पोरं घेऊन अंगणवाडीत चला' म्हणून ओरडते. ओरडल्याशिवाय आमच्याकडे कोणी जागचं हलत नाही, त्याला मी काय करू? माझा नवरा अतिक म्हणतो, तुला स्टेशनवर उभी करायला पाहिजे, भोंग्याचा खर्च वाचेल. म्हणू दे. पण आमच्या गल्लीत एक बाई अशी आहे की तिच्यासमोर माझाही आवाज खाली यायचा. पार्वताबाई. सगळे तिला अक्का म्हणतात, मीपण.

अक्का बाळं न्हाऊ घालायची. तिचं कामच ते. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की पहिला निरोप अक्काला. लुगड्याचा ओचा वर खोचून ती न्हाणीत पाटावर बसायची, दोन्ही पाय पुढे पसरायची आणि दोन दिवसांचं पोर नडग्यांवर पालथं घ्यायची. बघणाऱ्याचा जीव घाबरा व्हायचा. पण तिच्या हातात पोर कधी निसटलं नाही. कढत पाणी ती असं टाकायची की पोर रडता रडता गप्प व्हायचं आणि डोळे मिटायचं. मुसलमानाचं घर असो, मारवाड्याचं असो, स्टेशनपलीकडच्या झोपड्या असोत, पाचोऱ्यातली निम्मी तरणी पोरं तिच्या पायांवरून उतरली आहेत. माझा रेहानसुद्धा.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. अंघोळ झाली की ती धुरी द्यायची. दारं-खिडक्या लावायच्या, शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं टाकायची, आणि त्या धुरावर पोराला धरायचं. खोलीत डोळे उघडता यायचे नाहीत. मी म्हणायची, "अक्का, पोराचं फुप्फुस केवढं, माझ्या मुठीएवढंही नाही. त्यात धूर कशाला कोंबता?"

"तुन्हा रेहानले दिधी व्हती ना?" ती कमरेवर हात ठेवून विचारायची. "काय व्हयनं त्याले? घोड्यासारखा धावस."

रेहान खरंच घोड्यासारखा धावत होता.

अक्काचा नवरा सुपडूभाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. तो छातीच्या दुखण्याने गेला, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. पाठीमागे एकच लेक, हर्षाली. अक्काने तिला बारावीपर्यंत शिकवलं आणि पिंपळनेरकडे दिली. जावई धनसिंग चांगला पोरगा, पिकअप चालवतो, कांदा भरून नाशिकला नेतो. घर मोठं, सासू कडक. आणि अंतर बघा ना, पाचोरा एका टोकाला नि पिंपळनेर धुळे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. हर्षाली सासरी गेली त्या दिवशी अक्का माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "आते घर खावाले उठस वं." तेव्हापासून तिचं कॅलेंडर एकच. आखाजी.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी येते म्हणजे येतेच. झाडाला झोके बांधायचे, गाणी म्हणायची, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस खायचा. दिवाळीला नाही आली तर चालेल, पण आखाजीला लेक नाही आली तर आईला गल्लीत तोंड दाखवायला नको वाटतं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीलाच हर्षालीच्या सासूने तिला पाठवलं नाही. कांदा काढायला माणसं नाहीत म्हणे. अक्काने त्या दिवशी चूल पेटवली नाही. मी ईदला शिरखुर्मा देतात तसं वाटी भरून आमरस नेऊन दिला, तर वाटी तशीच परत आली.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून हर्षाली सातव्या महिन्यात आली. नोव्हेंबरमध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं ओजस. अक्काच्या तोंडात ते बसेना, तिने त्याचा ओजू केला. मी तुम्हाला काय सांगू, त्या दीड-दोन महिन्यांत ती बाई हवेत चालत होती. दुसऱ्यांच्या घरची पोरं पटापट उरकून पळत घरी यायची, आणि ओजूची अंघोळ तासभर चालायची. मी हर्षालीला चिडवायची, "घासून घासून तुझं पोर संपवून टाकेल ही!" आज तो शब्द आठवला की स्वतःच्याच थोबाडात मारून घ्यावंसं वाटतं.

दीड महिन्याचा डोस मीच अंगणवाडीत नेऊन दिला. एका मांडीत पंचसंयुक्त लस, दुसऱ्या मांडीत न्यूमोनियाची. त्या दिवशी ओजूला ताप आला, मांडी सुजली, पोर दिवसभर किरकिरलं. येतो तसा ताप, दुसऱ्या दिवशी उतरतो. मी कार्डावर तारखा लिहिल्या आणि हर्षालीला दाखवलं, "आता अडीच महिन्यांचा, मग साडेतीनचा, मग नऊ महिन्यांचा. हे कार्ड जिवासारखं जप." ती हो म्हणाली.

जानेवारीच्या शेवटी धनसिंग न्यायला आला. त्याच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं होतं, घरात बाई पाहिजे. सव्वा महिना उलटलेला, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. अक्काने पिशवी भरली. झबली, टोपडी, दुपटी, गुटीचं सामान, तेलाची बाटली, धुरीची पुडी. मी त्या दिवशी कुठल्याशा सर्व्हेत अडकले होते. संध्याकाळी घरी येऊन रजिस्टर उघडलं, ओजसच्या नावापुढे 'सासरी गेले' असं लिहिलं आणि पान उलटलं. पिंपळनेरकडच्या आशाला फोन करून, बाई, असं असं बाळ तुझ्याकडे आलंय, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. मी ती दोन मिनिटं दिली नाहीत. हे माझं पाप आहे, आणि पुढचं सांगण्याआधी ते सांगायला पाहिजे, नाहीतर सगळं अक्काच्याच डोक्यावर जाईल.

मार्चच्या अखेरीस, सकाळी नऊच्या सुमारास अक्का फोन हातात धरून माझ्या दारात आली. पोळ्या तव्यावर होत्या. "देख बरं, हाऊ असं का करी ऱ्हायना?"

व्हिडिओ कॉल चालू होता. पलीकडे हर्षालीने फोन ओजूवर धरला होता. त्याचं झबलं वर केलेलं. श्वास घेताना फासळ्यांच्या खाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या. आमच्याकडे 'पोट उडतंय' म्हणतात, तसं. मी गॅस बंद केला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून श्वास मोजायला लागले. एवढ्या पोराचे मिनिटाला पन्नासच्या वर गेले की धोका. बहात्तर भरले.

"हर्षाली, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने! कधीपासून आहे हे?"

"परवापासून, भाभी. आईला काल विचारलं होतं."

मी अक्काकडे वळले. ती जमिनीकडे बघत होती. काल तिने फोनवर सांगितलं होतं, थंडी भरली असेल, लसणाचं तेल चोळ, ओव्याचा शेक दे, दार लावून धुरी दे. उतरेल. तिने शेकडो घरांत हेच सांगितलेलं, आणि सर्दी होती तिथे सर्दी आपली आपण उतरलेली. ही सर्दी नव्हती.

त्यांनी पिंपळनेरला दाखवलं, तिथून धुळ्याला पाठवलं. अक्का आणि मी चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ओजूच्या तोंडावर ऑक्सिजन होता. एवढंसं तोंड, त्यावर केवढी ती नळी. कोवळ्या वयाची डॉक्टरीण होती, तीसुद्धा घामाघूम झालेली. तिने विचारलं, "बाळाचं लसीकरणाचं कार्ड कुठंय?"

"हरवलं, मॅडम," हर्षाली म्हणाली. "माहेरहून येताना हरवलं. मग लग्न होतं... डोस राहिले."

"पहिल्यानंतर एकही नाही?"

हर्षालीने मान हलवली. तेव्हा तिची सासू, बेबाबाई, भरल्या व्हरांड्यात म्हणाली, "एक कागद हिला सांभाळता आला नाही, पोर काय सांभाळणार!" माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्काकडे लक्ष गेलं. लेकीला कोणी बोललं की ही बाई वाघीण व्हायची. आज ती पदराचा बोळा तोंडात धरून भिंतीला टेकली होती. मला वाटलं, नातवाचं दुःख.

चार वाजता ओजू गेला. चार महिने आणि काही दिवस.

डॉक्टरीण नंतर बाहेर येऊन माझ्याशी बोलली, मी आशा आहे हे कळल्यावर. मी तिला विचारलं, का गेलं हो पोर? ती म्हणाली, "एकच कारण नसतं, ताई. जंतू कुणाच्या तरी खोकल्यातून येतो. लग्नाचं घर, शंभर माणसं, कोणीही उचलून पापा घेतला असेल. घरात चुलीचा धूर. आई कामात, म्हणून अंगावरचं तोडून बाटलीचं दूध. वर दीड-दोन दिवस उशीर. आणि लसी अर्धवट. पुढचे डोस मिळाले असते तर वाचलाच असता असं मी छातीठोक सांगणार नाही. पण अशा आजाराचे जे जंतू मोठे मारेकरी आहेत, त्यांना अडवायलाच त्या लसी असतात. त्याला लढायला काहीतरी हाताशी मिळालं असतं." एवढं बोलून ती आत गेली. आत आणखी दोन पोरं तशीच होती.

ओजूला पिंपळनेरला पुरलं. आम्ही परत आलो. अक्काने कामाला जाणं सोडलं. निरोप यायचे, ती दारातूनच परत पाठवायची.

पंधरा-वीस दिवसांनी ती माझ्याकडे आली. मी रजिस्टर घेऊन बसले होते. तिने कमरेची पिशवी सोडली आणि माझ्यासमोर एक घडी केलेला जाड कागद ठेवला. मी उघडला. ओजसचं कार्ड.

"हे कुठे सापडलं?" मी आनंदाने ओरडलेच. वेडी मी.

"सापडनं नही," अक्का म्हणाली. "मीच ठेवं व्हतं. पेटीमा."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं, तुटक तुटक. धनसिंग न्यायला आला त्या सकाळी पिशवी भरून झाली, आणि तिने कार्ड परत बाहेर काढलं. हर्षाली पोराला पाजत होती. कार्ड तिने पत्र्याच्या पेटीत घातलं, ओजूच्या वाळलेल्या नाळेच्या पुरचुंडीखाली. का, तर मागच्या आखाजीला सासूने लेकीला पाठवलं नव्हतं. कार्ड पाचोऱ्यात राहिलं की सुईसाठी तरी पाठवावं लागेल. फेब्रुवारीत हर्षालीचा फोन आला, आई, कार्ड दिसत नाही, इथे सुईला कार्ड मागतील. अक्का म्हणाली, राहू दे, आखाजीले ये, आठे आपली नाजमीन शे, ती दी सुया. दोन महिन्यांनी काय बिघडतं, असं तिला वाटलं. पहिल्या सुईने पोर दिवसभर रडलेलं, तेही मनात होतंच. आणि कार्डाशिवाय गेलं तर ओरडतील, या भीतीने हर्षालीही तिथे गेली नाही.

नातू मांडीवर यावा, लेक झोक्यावर बसावी, एवढ्यासाठी त्या बाईने ते कार्ड ठेवून घेतलं होतं. मी तिच्यावर चिडू की तिला जवळ घेऊ, मला समजेना.

मग तिने कार्डावर बोट ठेवलं. वरच्या दोन ओळींत तारखा होत्या, दुसरी माझ्याच अक्षरात, खाली सगळी घरं कोरी. "हाई रिकामं शे ते भरी दे," ती म्हणाली. "तुन्हाजोडे पेन शे. मी कार्ड तिन्हा सासूले दाखाडसू. सुया दिधेल व्हत्या, मंग हर्षालीना काय दोष? कोन्हाच दोष नही."

"अक्का, तू काय बोलतेस?" मी आयुष्यात पहिल्यांदा तिला एकेरी बोलले. "मेलेल्या पोराच्या कार्डावर खोट्या तारखा घालू? या हातांनी? आणि हर्षाली काय आंधळी आहे? तिला ठाऊक नाही सुया दिल्या की नाही? रोज त्या घरात तिला ऐकून घ्यावं लागतंय, कागद हरवला, पोर घालवलं. तुझ्या तोंडचं एक वाक्य तिला सोडवेल. सांग ना तिला!"

"मंग ती मन्हा दारमा पाय ठेवाव नही."

तिने हे अगदी हळू म्हटलं. तिने कार्ड उचललं, नीट घडी घातली, पिशवीत ठेवलं आणि गेली.

तुम्ही म्हणाल, मग तू का नाही सांगितलंस हर्षालीला? नंबर होता माझ्याकडे. कितीदा काढला, कितीदा ठेवला. ते अक्काचं होतं सांगायचं, असं मी स्वतःला समजवायची. खरं सांगू? मी तोंड उघडलं असतं तर माझ्या रजिस्टरातली ती ओळही बाहेर आली असती. म्हणून वर्षभर आम्ही दोघी समोरासमोर राहून गप्प बसलो, आणि तिकडे ती पोरगी सगळ्यांची बोलणी खात राहिली. अल्ला मला माफ करो. मी स्वतःला अजून केलेलं नाही.

त्या आखाजीला हर्षाली आली नाही. पुढच्या आखाजीला आली. सहावा महिना लागलेला. दुसऱ्यांदा. सासूने कसं पाठवलं कोण जाणे, धनसिंग सकाळी सोडून गेला. अक्काची तारांबळ काय सांगू. खापर मांडलं, पोळ्या केल्या, समोरच्या लिंबाला झोका बांधला. मला हाक मारली. मी जाऊन ओट्यावर बसले. हर्षाली वाळली होती, डोळ्यांखाली काळं. झोक्याकडे तिने बघितलंही नाही.

जेवायला बसायच्या आधी तिने पर्समधून एक प्लॅस्टिकची थैली काढली. चेन लावलेली, वर लांब दोरी. नवीकोरी. "भाभी, ही बघा," ती मला म्हणाली. "यावेळी कार्ड यात ठेवणार. गळ्यातच घालून फिरणार मी, झोपतानासुद्धा. यावेळी हरवणार नाही." आणि हसली. आई गं, ते हसणं. त्यापेक्षा ती ढसाढसा रडली असती तर बरं झालं असतं.

अक्का पोळी उलटत होती. उलथनं तिच्या हातातच राहिलं आणि पोळी खापरावर करपायला लागली. मी उठून ती काढली. अक्का आत गेली. पेटीचं झाकण वाजलं.

ती बाहेर आली आणि तिने कार्ड हर्षालीच्या मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "तू हाराई नही व्हतं. मी ठेवं व्हतं. तुन्ही पिशवीमातून काढीसन. तू आखाजीले यावं म्हनीसन."

हर्षालीने कार्ड उघडलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "मी फोन केला तेव्हा हे पेटीत होतं?"

"व्हतं."

"आणि दवाखान्यात? मॅडमनी विचारलं तेव्हा?"

अक्काने मान खाली घातली. मी मध्ये पडले. म्हटलं, हर्षाली, माझंही चुकलं, मी तुझं नाव तिकडे कळवलं नाही, फक्त 'सासरी गेले' लिहून मोकळी झाले. तिने माझ्याकडे बघितलं, पण ऐकलं की नाही देव जाणे. तिने ते कार्ड नव्या थैलीत घातलं, चेन लावली, दोरी गळ्यात अडकवली. चप्पल घातली. अक्का म्हणत राहिली, दोन घास तरी खाय, पोटुशी शे, उपाशी नको जावू. हर्षाली दुपारच्या बसने निघून गेली. ताट तसंच होतं. झोका संध्याकाळपर्यंत वाऱ्याने हलत होता, मग मीच सोडून आणला.

धनसिंगने नंतर मला फोनवर सांगितलं. घरी पोचल्यावर हर्षालीने ते कार्ड सासूसमोर ठेवलं. एवढंच म्हणाली, "मी हरवलं नव्हतं." त्या दिवसापासून बेबाबाईचं टोचून बोलणं बंद झालं. पोरगी आता पोटभर जेवते म्हणे. हे मी अक्काला जाऊन सांगितलं. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "मन्हाबद्दल काय म्हने?" मी म्हटलं, काही नाही. खरंच काही म्हणाली नव्हती.

श्रावणात मुलगी झाली, धुळ्याला. दुसरं बाळंतपण सासरचं, म्हणून कोणाला काही विचारायला जागा नव्हती. अक्काला बोलावणं आलं नाही. न्हाऊ घालायला तिकडचीच कोणी बाई ठेवली.

पण जन्मानंतर तिसऱ्या दिवशी माझ्या फोनवर एक फोटो आला. हर्षालीकडून. कार्डाचा फोटो. पहिल्या ओळीत तारखा भरलेल्या. खाली लिहिलं होतं, 'आईला दाखवा.' बस. मी पळत गेले. अक्काला वाचता येत नाही. तिने फोन डोळ्यांजवळ धरला आणि निळ्या शाईची घरं बोटाने मोजली. मग विचारलं, "पोर कसी दिखस?"

"पोरीचा फोटो नाही पाठवला, अक्का."

"बरं," ती म्हणाली.

दीड महिन्याला पुन्हा कार्डाचा फोटो. अडीचला. साडेतीनला. प्रत्येक वेळी 'आईला दाखवा.' पोरीचा नाही, कार्डाचा. शिक्षा म्हणावी का निरोप म्हणावा, मला ठरवता येत नाही. मी दोनदा टाईप केलं, बाळाचा एक फोटो पाठव गं, म्हातारी झुरतेय. आणि खोडलं. मला काय अधिकार?

अक्का आता न्हाऊ घालत नाही. धुरीची शेगडी तिने भंगारवाल्याला देऊन टाकली. सुईच्या दिवशी मात्र अंगणवाडीत येऊन बसते. आईला पोराची मांडी धरवत नाही तेव्हा अक्का धरते. पोर किंचाळतं, ती त्याच्या पाठीवरून हात फिरवते, तेच जुने हात, आणि पोर गप्प होतं. एखादी लेकुरवाळी सासरी निघाली की अक्का तिच्या घरी जाऊन धडकते. "कार्ड कोठे शे? माले दाखाड." स्वतःच्या डोळ्यांनी पिशवीत गेलेलं बघते, तेव्हा हलते. लोक म्हणतात, म्हातारी भ्रमिष्ट झाली. म्हणोत. आणि तिने आणलेलं प्रत्येक नाव मी आता त्याच दिवशी पुढच्या गावी फोन करून कळवते. शिव्या खाते तिकडच्यांच्या, पण कळवते.

यंदाच्या आखाजीलाही हर्षाली आली नाही. अक्काने झोका बांधला नाही.

परवा नऊ महिन्यांचा डोस झाला. दुपारी फोटो आला. गोवर-रुबेला, न्यूमोनियाचा शेवटचा, तिथवरची सगळी घरं भरलेली. मी तशीच फोन घेऊन अक्काकडे गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून तिने फोन घेतला, बोटाने घरं मोजायला लागली आणि मध्येच थांबली.

कार्डाच्या कडेला, फोटोच्या अगदी कोपऱ्यात, एक एवढुशी मूठ आली होती. पोरीने कार्ड ओढलं असणार. चार बोटं आणि अर्धा अंगठा. हर्षालीच्या लक्षात आलं नसेल, किंवा आलं असेल. मला माहीत नाही.

मी दोन बोटांनी फोटो मोठा करून दिला. अक्का इतका वेळ बघत राहिली की स्क्रीन दोनदा काळी झाली, दोनदा मी उजेड केला. मी म्हटलं, आता रडेल. ती रडली नाही. त्या बोटांवरून तिने आपलं बोट फिरवलं आणि म्हणाली, "नखं वाढी गयात वं. कापाले सांग तिले. तोंड ओरबाडी लेई."

मी तिथेच बसून टाईप केलं, 'आई म्हणतात, बाळाची नखं कापा.' पाठवलं. थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा आल्या. हर्षालीने वाचलं होतं. अक्का फोनकडे बघत बसली, मीपण बसले. तांदूळ तसेच सुपात होते. उत्तर आज तिसऱ्या दिवशीही आलेलं नाही, आणि ती सकाळ-संध्याकाळ येऊन विचारते आहे.